बेस गिटारनंतर डबल बेस : नाशिकमधील प्रकल्प नोंदी

८ जून २०२५

या प्रकल्पाचा हेतू मर्यादित आहे आणि तो सुरुवातीलाच लिहून ठेवणे बरे. येत्या कोजागिरीला, म्हणजे ६ ऑक्टोबरला, आमच्या सोसायटीच्या गच्चीवर भावगीतांची छोटी मैफल ठरली आहे. तीत मोजक्या गाण्यांना डबल बेसची, म्हणजे व्हायोलिनसारख्या घडणीच्या, माणसाहून उंच अशा खर्जवाद्याची, साथ स्वच्छ सुरात करता यावी, एवढेच मी ठरवले आहे. नाशिकच्या ऑर्केस्ट्रांत मी अनेक वर्षे बेस गिटार वाजवत आले आहे. चालीखाली खर्जाची ओळ कशी बांधायची, समेवर कुठे टेकायचे आणि गायिका दम घेत असताना आपण कुठून कुठे सरकायचे, याची सवय त्यातून झाली. शिवाय दोन्ही वाद्यांच्या चार तारा सारख्याच लावतात : ई, ए, डी, जी, प्रत्येक तार आधीच्या तारेच्या मध्यमावर. सर्वांत जाड ई तार दोन्हीकडे सेकंदाला ४१.२ कंपने करते. स्वरलेखनही एकच आहे. लिहिल्यापेक्षा एक सप्तक खाली वाजते. कागदावर पाहिले तर नवे शिकण्यासारखे फारसे उरत नाही. प्रत्यक्षात किती उरते, ते या नोंदींत येईल.

वाद्य जुने आहे, मुंबईहून घेतले. आकार तीन-चतुर्थांश, म्हणजे बहुतेक वादक वापरतात तोच. अंग प्लायचे आहे. अखंड स्प्रूसचे लाकूड कोरून केलेल्या वाद्याचा आवाज अधिक मोकळा असतो हे खरे, पण नाशिकचा कोरडा उन्हाळा आणि लगेच त्यावर येणारा ओला पावसाळा पाहता तडे जाण्याची धास्ती प्लायच्या वाद्याला कमी असते. पहिल्या वाद्यासाठी मी निश्चिंतपणाला पसंती दिली. कसारा घाटातून आणताना ते गाडीत कुशीवर निजवले होते. घोडीवर, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या लाकडी आधारावर, कशाचाही दाब येऊ नये, याखेरीज प्रवासात दुसरी काळजी नाही.

१५ जून

पहिला धडा. सर देवळाली कॅम्पमध्ये राहतात. उमेदीच्या काळात त्यांनी मुंबईत चित्रपटगीतांच्या ध्वनिमुद्रणांत डबल बेस वाजवला आणि आता ते मोजक्याच जणांना शिकवतात. आजचा संपूर्ण तास वाद्याशेजारी उभे राहण्यात गेला आणि तो तसा गेला हे योग्यच झाले.

बेस गिटार पट्ट्याने खांद्यावर लटकते, तिचा तोल वादकाला सांभाळावा लागत नाही. डबल बेस जमिनीवर एका टोकदार दांडीवर उभा राहतो आणि आपल्या डाव्या कुशीला टेकतो. दांडीची उंची अशी ठेवायची, की तारा जिथे खुंट्यांकडे वळतात ती पट्टी कपाळाच्या आसपास येईल. मग सरांनी डावा हात पूर्णपणे काढून घ्यायला सांगितला. वाद्य हलले नाही तर उभे राहणे जमले. हलले, तर डावा हात स्वर शोधण्याऐवजी वाद्य धरण्यात गुंतणार, हे उघड आहे. डावे पाऊल किंचित पुढे घेतले आणि वाद्य थोडे उजवीकडे फिरवून त्याची मागची कड पोटाशी टेकवली, तेव्हा ते आपोआप स्थिर झाले.

आमच्या घरच्या गुळगुळीत फरशीवर दांडीचे रबरी टोक सरकते. खाली जाड सतरंजी घालून तिच्या कडेवर मी स्वतः उभी राहते. त्यामुळे माझ्याच वजनाने ती जागेवर राहते आणि दांडीही.

२२ जून

आज डावा हात. येथे दोन वाद्यांतले अंतर मोजपट्टीने मोजता येते, म्हणून मी ते मोजले. माझ्या बेस गिटारची तार ३४ इंच, म्हणजे ८६.४ सेंटिमीटर आहे. १९५१ साली आलेल्या फेंडर प्रिसिजन बेसपासून हेच माप रूढ झाले. या डबल बेसची तार १०५ सेंटिमीटर भरते. बेस गिटारवर आपण चार बोटे चार फ्रेटवर, म्हणजे मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांवर, ठेवतो. पहिल्या फ्रेटपासून चौथ्यापर्यंत हा पसारा सुमारे १३ सेंटिमीटर होतो. हीच रचना डबल बेसवर ठेवायची तर जवळजवळ १६ सेंटिमीटर हात ताणावा लागेल. एकदा ताणता येईलही, पण संपूर्ण गाणे त्या स्थितीत हात सैल राहणार नाही.

म्हणून येथे खालच्या भागात हाताच्या एका मुक्कामात तीनच स्वर येतात, एकापासून तिसऱ्यापर्यंत एक पूर्ण स्वराचे अंतर. पहिले बोट, दुसरे बोट आणि करंगळी. अनामिका करंगळीच्या आधाराला तिच्याबरोबरच तारेवर उतरते. व्हिएन्नाच्या कॉन्झर्व्हेटरीत शिकवणारे फ्रांत्स सिमांडल (१८४० ते १९१२) यांनी ही पद्धत घट्ट बसवली आणि आजही बहुतेक विद्यार्थी तिच्यातूनच जातात. तिचा परिणाम असा, की बेस गिटारवर हात एका जागी ठेवून जे वाजते, त्यासाठी येथे हात सतत वर-खाली न्यावा लागतो. फ्रेट नसल्यामुळे प्रत्येक वेळी नेमके कुठे थांबायचे हे ठरवावे लागते ते वेगळेच.

बोटांच्या टोकांना आलेले जुने घट्टे उपयोगी पडतात, पण पकडण्याची सवय मात्र आड येते. बेस गिटारवर अंगठा आणि बोटे चिमटा घेतात तसा मी येथेही घेत होते. तारेवरचा ताण २५ ते ३० किलोच्या घरात आणि तार फिंगरबोर्डपासून, म्हणजे तिच्याखालच्या लांब लाकडी पट्टीपासून, बरीच उंच, त्यामुळे चिमट्याने काही मिनिटांतच अंगठ्याचा तळ भरून येतो. सरांनी माझा अंगठा वाद्याच्या मानेवरून उचलून बाजूला केला आणि म्हणाले, “अगं, दाबू नकोस. कोपर जड होऊ दे आणि हात तारेला लटकू दे.” अंगठ्याविना स्वर स्वच्छ आला. बळ बोटांचे लागत नाही, दंडापासून खाली येणारे हाताचे वजन लागते, हे अंगठा काढल्याशिवाय पटले नसते.

२९ जून

उजवा हात छेडण्यासाठी. बोटाचे टोक वापरायचे नाही; तर्जनीची कड तारेवर आडवी निजवायची, फिंगरबोर्डच्या टोकाजवळ, आणि हात मागे खेचायचा. जितके मांस तारेला लागेल तितका स्वर भरदार येतो. तर्जनीच्या कडेला फोड येऊ लागला की थांबायचे, फोडावर वाजवायचे नाही, अशी सरांची ताकीद आहे.

१३ जुलै

गज हाती घेतला. मैफलीत मी गज वापरणार नाही. तरीही सरांनी अर्धा सराव गजाचाच ठेवला आहे आणि त्यामागचे कारण मला आता मनापासून मान्य आहे. छेडलेला स्वर सुरुवातीलाच सर्वांत मोठा असतो आणि लगेच उतरू लागतो. तो किंचित बेसूर असला तरी कान त्याची दखल घेण्याआधी पुढचा स्वर येतो. गजाने ओढलेला स्वर मात्र तसाच टिकून राहतो, त्यात वरचे अनुनाद, म्हणजे मूळ स्वरासोबत उमटणारे वरचे सूक्ष्म स्वर, ठळक असतात आणि खालच्या सप्तकात जे लपते ते उघडे पडते. डाव्या हाताला शिस्त लावण्याचे याहून प्रामाणिक साधन मला माहीत नाही.

गज दोन धाटणींचे असतात. फ्रेंच गज व्हायोलिनसारखा वरून धरतात; जर्मन गज खालून, त्याच्या उंच टाचेत बोटे घालून आणि अंगठा काडीवर टेकवून. सर स्वतः फ्रेंच वापरतात, पण त्यांच्याकडे दोन्ही आहेत आणि दोन्ही त्यांनी मला आलटून पालटून घरी दिले. “आवाज खांद्यातून येतो. ज्या पकडीत खांदा सैल राहील ती धर,” एवढाच त्यांचा निकष होता. माझा खांदा जर्मन पकडीत सैल राहिला, म्हणून मी ती घेतली.

ई तारेवर गज ओढताना पहिले काही दिवस नुसती खरखर येत होती. गजाचे केस तारेला धरतात, ओढतात, सोडतात आणि पुन्हा धरतात. हे चक्र तारेच्या प्रत्येक कंपनाबरोबर जुळले की स्वर लागतो. ई तारेचे एक कंपनच २४ मिलिसेकंदांचे असते आणि चक्र जुळायला अशी काही कंपने जावी लागतात. म्हणजे स्वर बसेपर्यंत सेकंदाचा दहावा भाग सहज निघून जातो. उपाय असा, की गज हलवण्यापूर्वी त्याचे वजन तारेवर उतरवायचे, केसांनी तार धरल्याचे हाताला जाणवू द्यायचे आणि मगच ओढायचे, तेही सावकाश. बेस गिटारच्या सवयीमुळे माझा हात वेगावर भर देतो. येथे वेग वाढवला की आवाज पोकळ होतो.

राळ व्हायोलिनच्या राळेहून पुष्कळ मऊ आणि चिकट असते. ती केसांवरून एकाच दिशेने, टाचेकडून टोकाकडे फिरवायची, आणि अगदी थोडी. गाडीत विसरली तर उन्हात ती वाहू लागते, म्हणून तिची डबी घरात, थंड जागी आणि उभीच ठेवते.

२७ जुलै

या प्रकल्पातला आतापर्यंतचा सर्वांत मोलाचा आठवडा.

इलेक्ट्रॉनिक तानपुरा पांढरी दोनवर लावला, म्हणजे डी हा षड्ज. डबल बेसची मोकळी डी तार सा, तिच्यावर पहिल्या मुक्कामात पहिले बोट रे, करंगळी ग; मोकळी जी तार म, तिच्यावर पहिले बोट प आणि करंगळी ध. हात न हलवता बिलावलचे सहा स्वर मिळतात. त्यापुढच्या निषादासाठी आणि तार षड्जासाठी हात घोडीच्या दिशेने सरकवावा लागतो. हे सहा स्वर मी गजाने, अतिशय सावकाश, तानपुऱ्यात मिसळत राहिले.

पंचमाची जागा शोधणे सोपे गेले, कारण वाद्य स्वतःच ती दाखवते. जी तारेवरचा ए हा मोकळ्या ए तारेच्या बरोबर एक सप्तक वर असतो. बोट नेमक्या जागी पडले की न छेडलेली ए तार आपणहून कंप पावू लागते. खिडकीच्या उजेडात तिरके पाहिले तर ती तार मध्यभागी पुसट, जाड दिसते. बोट दोन-तीन मिलिमीटर सरकवले की ती पुन्हा बारीक आणि रेखीव होते. डी तारेवरच्या रिषभाला तशीच साक्ष मोकळी ई तार देते. बोट आणि कान यांच्यात मतभेद झाला तर आता मी शेजारच्या तारेकडे बघते.

गांधाराचे प्रकरण निराळे आहे. तानपुऱ्यातून ऐकू येणारा स्वयंभू गांधार हा समान अंतरांनी लावलेल्या की-बोर्डच्या गांधारापेक्षा सुमारे १४ सेंट उतरता असतो. १०० सेंट म्हणजे एक अर्धस्वर. बेस गिटारवर हा फरक मला कधी भेटलाच नाही, कारण फ्रेटने कारखान्यातच निर्णय दिलेला असतो. या वाद्यावर, डी तारेवरच्या गांधाराच्या ठिकाणी, १४ सेंट म्हणजे साडेसहा मिलिमीटरच्या आसपास जागा. साडेसहा मिलिमीटर डोळ्यांना दिसतात, बोटाला जाणवतात. तानपुऱ्याबरोबर बोट खुंट्यांकडे किंचित मागे घेतले की आवाजातला हेलकावा थांबतो आणि स्वर तानपुऱ्यात विरघळतो. तेच बोट तसेच ठेवून की-बोर्डचा गांधार लावला तर दोन्ही स्वर एकमेकांशी झगडतात.

मी सरांना विचारले, की यातला खरा कोणता मानायचा. ते म्हणाले, “ज्याच्याबरोबर वाजवतेस त्याचा.” कोजागिरीला हार्मोनियम असणार, तेव्हा गांधार आणि धैवत हार्मोनियमचे घ्यायचे, असे ठरवले. खर्जाच्या ओळीचा मुक्काम बहुतेक षड्ज, मध्यम आणि पंचमावर असतो आणि तेथे हा भेद दोन सेंटचाच राहतो. तरीही ज्या वाद्यावर हा प्रश्न विचारता येतो, ते वाद्य कानाला कितीतरी अधिक शिकवते, असे माझे ठाम मत झाले आहे.

१० ऑगस्ट

सततच्या पावसाने हवेत ओल आहे. लाकूड फुगल्यामुळे तारा वर आल्या आहेत. फिंगरबोर्डच्या टोकाशी ई तार नेहमीपेक्षा उंच लागते. घोडीच्या पायांत फिरकीच्या चकत्या आहेत, त्या थोड्या खाली घेतल्या. पुन्हा पुन्हा तारा चढवल्याने घोडीचे डोके फिंगरबोर्डकडे झुकत जाते, म्हणून तिची मागची बाजू पोटाच्या फळीशी काटकोनात आहे का, हे दर आठवड्याला पाहायचे. चारही तारा एकदम सैल करायच्या नाहीत. आतला साउंड पोस्ट, म्हणजे पुढच्या आणि मागच्या फळ्यांमधली छोटी दांडी, केवळ दाबाने उभा असतो, तो पडतो.

७ सप्टेंबर

काल अनंत चतुर्दशी झाली. गणेशोत्सवाचे कार्यक्रम बेस गिटारवरच केले आणि या काळात डबल बेसला हात जेमतेम लागला.

बेस गिटार पूर्वीची राहिलेली नाही, हे पहिल्याच कार्यक्रमात कळले. डावा अंगठा आता चिमटा घेत नाही. मध्यंतरापर्यंत हात दुखायचा, तो या वर्षी दुखला नाही. उजव्या हाताने मी कमी स्वर वाजवले आणि प्रत्येक स्वर पूर्ण लांबीने धरला. आमच्या ढोलकीवाल्या दादांनी आपणहून येऊन सांगितले, की या वेळी खाली बसायला जागा मिळाली. मोटाउन या अमेरिकी ध्वनिमुद्रण कंपनीच्या असंख्य गाण्यांत बेस गिटार वाजवणारे जेम्स जेमरसन शाळेत डबल बेस शिकले होते आणि बेस गिटारवरही ते एकट्या तर्जनीने छेडत. ही माहिती मला पूर्वीपासून होती, पण त्यांच्या स्वरांना इतके वजन कुठून येते, ते हाताने आत्ता समजले.

उलट दिशेने मात्र सावध राहावे लागते. इतके दिवस फ्रेटवर काढल्यावर आज डबल बेसवर बोटे जवळ जवळ पडत होती आणि सगळे स्वर उतरत होते. तानपुरा लावून मोकळ्या तारांशी पडताळत राहिले, तेव्हा तासाभराने हाताचा पसारा परत आला.

१४ सप्टेंबर

गायिकेची पट्टी काळी पाच ठरली, म्हणजे ए शार्प हा षड्ज. बेस गिटारवर पट्टी बदलणे म्हणजे हात तेवढेच फ्रेट पुढे-मागे नेणे, विचारही करावा लागत नाही. डबल बेसवर पट्टीनुसार वाद्याचा स्वभावच बदलतो. पांढरी दोन, पांढरी पाच किंवा पांढरी सहा असेल तर षड्ज, मध्यम, पंचमातले काही ना काही मोकळ्या तारेवर मिळते. मोकळी तार घुमते, हाताला उसंत देते आणि सूर पडताळायला साक्षीदार होते. आपल्याकडचे गळे काळ्या पट्ट्यांत रमतात आणि तेथे या मोकळ्या तारांचा उपयोग फार थोडा.

तरी काळी पाचची मांडणी करून पाहिली तेव्हा समाधान वाटले. हात अगदी वर, खुंट्यांजवळच्या अर्ध्या मुक्कामात ठेवला, की ए तारेवर पहिले बोट षड्ज देते, शेजारच्या डी तारेवर तेच बोट मध्यम देते आणि दुसऱ्या बाजूच्या ई तारेवर तेच बोट खालचा पंचम देते. तिन्ही आधारस्वर एका रेषेत, हात न हलवता. या मुक्कामात बोटांमधले अंतर सर्वांत मोठे, अर्धस्वराला सुमारे साडेपाच सेंटिमीटर, आणि तारही सर्वांत कडक लागते; पण आधारस्वर पहिल्या बोटावरच असल्याने सारा हात ताणून धरण्याची गरज नाही. करंगळी लागेल तेव्हाच उघडायची. बेस गिटारवरच्या माझ्या ओळींतली निम्मी वळणे मी काढून टाकली. त्यातली बरीचशी बोटांच्या चपळाईसाठी होती, गाण्याला त्यांची गरज नव्हती.

२८ सप्टेंबर

आवाजाची चाचणी गच्चीवर घेतली. खोलीत हे वाद्य भिंतींना घुमवते. उघड्यावर खालचे स्वर निघून जातात. ४१ हर्ट्झच्या ध्वनिलहरीची हवेतली लांबी ८ मीटरहून जास्त असते आणि वाद्याची पेटी तिच्या मानाने लहान, त्यामुळे ई तारेचा मूळ स्वर मुळातच क्षीण बाहेर पडतो आणि कान तो वरच्या अनुनादांवरून जुळवून घेतो. घोडीच्या पंखाखाली पिझो पिकअप, म्हणजे लाकडाची कंपने विजेच्या संकेतात बदलणारा तुकडा, बसवला. तो थेट मिक्सरला जोडला तर खर्ज नाहीसा होतो, कारण अशा पिकअपला पुढच्या यंत्राचा इनपुट इम्पिडन्स, म्हणजे विजेला होणारा अडथळा, फार उच्च लागतो. मध्ये प्रीअँप, म्हणजे संकेत आधीच वाढवणारे छोटे यंत्र, घातल्यावर खर्ज परतला. स्पीकर वाद्याच्या मागे न ठेवता बाजूला आणि पुढे ठेवला, की पेटी हुंकारत नाही.

७ ऑक्टोबर

कोजागिरीची मैफल झाली. हार्मोनियम, तबला, गायिका आणि डबल बेस. संथ लयीच्या गाण्यांत वाद्याने आपले काम उत्तम केले : षड्जावर तर्जनी टेकून स्वर सोडला की तो तबल्याच्या बायाखाली पसरत जातो आणि गायिकेला पुढची ओळ उचलायला वेळ मिळतो. जलद केरव्यातल्या एका गाण्यात मी केवळ सम आणि खाली धरली, मधले काही वाजवले नाही, आणि ते पुरेसे ठरले. रात्री हवेत गारवा येताच तारा चढू लागल्या. दोन गाण्यांच्या मध्ये मोकळी ए तार हार्मोनियमशी मिळवून घेतली.

ध्वनिमुद्रण आज शांतपणे ऐकले. अर्ध्या मुक्कामातले स्वर सुरात आहेत. जेथे जी तारेवर वरच्या षड्जापर्यंत गेले, तेथे सूर प्रत्येक वेळी थोडा चढा लागला आहे. म्हणजे हात ठरल्यापेक्षा पुढे जाऊन थांबतो, आणि तोही नेहमी सारखाच. असा सातत्याचा फरक सरावाने दुरुस्त करणे सोपे असते.

१२ ऑक्टोबर

सरांना ध्वनिमुद्रण ऐकवले. त्यांनी पुढचे काम आखून दिले. दिवाळीपर्यंत फक्त जी तार, फक्त पहिले बोट : ए पासून वरच्या डी पर्यंत, गजाने, तानपुऱ्यावर. सरकताना बोटाचे वजन कमी करायचे, तारेशी असलेला स्पर्श तोडायचा नाही, आणि अंगठा बोटाबरोबरच न्यायचा, मागे राहू द्यायचा नाही. डी लागला, की डी तार मोकळी ओढून सप्तक पडताळायचे. या डी पाशी अंगठा मानेच्या टाचेला, म्हणजे मान जेथे पेटीला मिळते त्या जागेला, भेटतो. माझ्या वाद्यावर तो तेथे नेमका अडकतो, याची सरांनी खात्री करून घेतली, कारण काही वाद्यांत ही खूण अर्धस्वर वर, ई फ्लॅटला येते. ही जागा पक्की झाली की तिच्या वरच्या मुक्कामांचे धडे सुरू होतील. ई तार जुनी आणि मंद झाली आहे, ती दिवाळीनंतर बदलायची, बाकीच्या तीन तारा चढलेल्या ठेवूनच.